एक स्टेडियम, दोन मैदाने: टॉटनहॅमच्या गवताचे प्रकरण

२९ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये टॉटनहॅम हॉटस्पर आणि मँचेस्टर सिटी यांच्यातला प्रीमियर लीगचा सामना सुरू झाला, तेव्हा मैदानाच्या मधोमध एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचे बोधचिन्ह पुसट का होईना, पण ओळखू येत होते. यार्डांच्या आडव्या रेषा दिसत होत्या आणि मैदानाच्या मधल्या पट्ट्यात गवतापेक्षा वाळूचाच रंग अधिक होता. आदल्याच दिवशी दुपारी त्याच मैदानावर फिलाडेल्फिया ईगल्स आणि जॅक्सनव्हिल जॅग्वार्स हे संघ खेळले होते. तो सामना संपल्यापासून फुटबॉलचा सामना सुरू होईपर्यंत मैदान कर्मचाऱ्यांच्या हाती जेमतेम सव्वा दिवस होता आणि त्यातली एक अख्खी रात्र अंधाराची होती. रियाद माहरेझने सहाव्या मिनिटाला केलेल्या एकमेव गोलवर सिटीने सामना जिंकला. शेवटच्या मिनिटांत एरिक लामेलाने सोपी संधी गोलच्या आडव्या खांबावरून बाहेर मारली, तेव्हा चेंडूच्या उसळीविषयी चर्चा होणे अटळच होते.

त्या रात्री ज्यांनी मैदानाला नावे ठेवली, त्यांच्या बोलण्यात वेम्बलीच्या कर्मचाऱ्यांवर अन्याय होत होता असे माझे मत आहे. गवत निगराणीअभावी बिघडलेले नव्हते. ते वेळापत्रकामुळे बिघडले होते. टॉटनहॅमने स्वतःच्या नव्या स्टेडियमसाठी जो मार्ग आधीच निवडला होता, त्यामागचे कारणही हेच होते. म्हणून हे प्रकरण एखाद्या खराब मैदानापुरते न पाहता, एका क्लबने गवत आणि वेळापत्रक यांचा संबंध कसा तोडला या अंगाने पाहणे योग्य ठरते.

वेम्बलीवर इतकी गर्दी का झाली

टॉटनहॅमचे जुने घर, व्हाइट हार्ट लेन, १४ मे २०१७ च्या शेवटच्या सामन्यानंतर पाडण्यात आले आणि त्याच जागेवर नवे स्टेडियम उभे राहू लागले. दरम्यानचा एक हंगाम क्लबने वेम्बलीवर भाड्याने काढायचे ठरवले होते. नवे स्टेडियम सप्टेंबर २०१८ मध्ये खुले होणार होते, परंतु सुरक्षाविषयक यंत्रणांमधल्या त्रुटींमुळे काम लांबले आणि क्लबला पुन्हा वेम्बलीचाच आसरा घ्यावा लागला. या विलंबाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. १४ ऑक्टोबरचा सिअ‍ॅटल सीहॉक्स विरुद्ध ओकलंड रेडर्स हा एनएफएलचा सामना टॉटनहॅमच्या नव्या स्टेडियममध्ये व्हायचा होता, तोही वेम्बलीकडे वळवला गेला. त्यामुळे ज्या मैदानावर दोन अमेरिकन सामने ठरलेले होते, त्यावर १४, २१ आणि २८ ऑक्टोबर अशा सलग तीन रविवारी ते झाले. त्याआधी २२ सप्टेंबरला अँथनी जोशुआ आणि अलेक्झांडर पोवेत्किन यांची मुष्टियुद्धाची लढत, ३ ऑक्टोबरला बार्सिलोनाविरुद्धचा चॅम्पियन्स लीग सामना आणि ६ ऑक्टोबरला कार्डिफविरुद्धचा लीग सामना याच गवतावर झाले होते. सिटीविरुद्धच्या सामन्यानंतर जेमतेम आठ दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, आइंडहोव्हनचा पीएसव्ही संघ येणार होता.

एनएफएलचा सामना गवताला फुटबॉलपेक्षा वेगळ्या प्रकारे घासतो. फुटबॉलमध्ये झीज सर्वाधिक होते ती गोलसमोर, मध्यवर्तुळात आणि लाइन्समन ज्या कडेने धावतात तिथे. बाकीचे मैदान बऱ्यापैकी वाचते. अमेरिकन खेळात मात्र प्रत्येक डाव दोन्ही संघ समोरासमोर दाटीने उभे राहून सुरू होतो. सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे खेळाडू जागच्या जागी पाय रोवून एकमेकांना ढकलतात आणि हे सारे मैदानाच्या मधल्या अरुंद पट्ट्यात पुन:पुन्हा घडते. इथे गवताची पाती तुडवली जातातच, पण खरा मार मुळांवर बसतो, कारण जमिनीचा वरचा थर आडवा सरकवला जातो. शिवाय रेषा, आकडे आणि बोधचिन्हे यांचा रंग प्रत्येक वेळी द्यायचा आणि धुऊन काढायचा. धुताना पडणारे पाणी आधीच दाबल्या गेलेल्या मातीत मुरण्याऐवजी वरच्या थरात साचून राहते.

वेम्बलीला हा धडा नवीन नव्हता. २००७ मध्ये नवे वेम्बली उघडल्यापासून २०१० पर्यंत तिथले गवत दहा-अकरा वेळा काढून नवे अंथरावे लागले होते. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला एनएफएल सामना चिखलात झाला आणि महिनाभरातच त्याच मैदानावर पावसात क्रोएशियाकडून २-३ ने हरून इंग्लंड युरो स्पर्धेच्या पात्रतेतून बाहेर पडले. एप्रिल २०१० मध्ये एफए कपच्या उपांत्य सामन्यात टॉटनहॅमचाच बचावपटू मायकेल डॉसन पाय घसरून पडला, त्यातून पोर्ट्समथचा गोल झाला आणि त्यानंतर मैदानावर झालेल्या टीकेला तोंड देणे अवघड झाले. त्याच वर्षी वेम्बलीने संकरित मैदान बसवले. या पद्धतीत वाळूच्या थरात सुमारे २० सेंटीमीटर खोलीपर्यंत कृत्रिम तंतू शिवले जातात आणि खऱ्या गवताची मुळे त्या तंतूंना वेढून खाली उतरतात. एकूण पृष्ठभागात कृत्रिम भाग जेमतेम ३ टक्के असतो, पण त्यामुळे गवताची ढेकळे उखडून निघण्याचे प्रमाण फार कमी होते. म्हणजे २०१८ मध्ये वेम्बलीचे मैदान तंत्राच्या दृष्टीने उत्तम होते, आणि तरीही तीन रविवारांनी त्याची ही अवस्था केली. संकरित मैदान झीज सोसते, पण झालेली झीज ते भरून काढत नाही. ती भरून काढायला जिवंत गवत लागते आणि गवताला दिवस लागतात.

गवताचे दिवस

इंग्लंडमधल्या बहुतेक मोठ्या मैदानांवर पेरेनियल रायग्रास पेरलेले असते. त्याची उगवण जलद असते, साधारण आठवड्याभरात कोंब दिसतात. ते थंडी सोसते आणि पंचवीस-तीस मिलिमीटरवर कापले तरी दाट राहते. परंतु ते झुपक्याने वाढते. आपल्याकडची हरळी जमिनीवर धावरे, म्हणजे आडव्या पसरणाऱ्या फांद्या, सोडून उघडी जागा स्वतःहून झाकते, तसे रायग्रासला जमत नाही. एक झुपका उखडला की त्या जागी पुन्हा बी पेरावे लागते आणि ते रुजेपर्यंत जागा मोकळीच राहते. म्हणून सामना संपल्यावर कर्मचारी हातात फोर्क घेऊन रांगेने मैदानभर फिरतात. उलटलेला प्रत्येक तुकडा फोर्कने सैल करून पुन्हा जागी बसवतात, पायाने हलके दाबतात आणि जिथे काहीच उरलेले नाही तिथे वाळूत मिसळलेले बी मुठीने टाकतात. दूरचित्रवाणीवर कधीच न दिसणारे हे काम मला सगळ्या यंत्रांपेक्षा महत्त्वाचे वाटते, कारण एवढ्या जवळून मैदान दुसरे कोणीही पाहत नाही. कुठे माती दबली आहे, कुठे पाणी थांबते आहे, कुठे पात्यांवर बुरशीचा पहिला डाग पडला आहे, हे त्या फेरीत कळते. दणकटपणा मोजण्यासाठी विशिष्ट उंचीवरून वजन टाकण्याचे उपकरण असते, ओलावा मोजण्यासाठी मातीत खुपसायची सळई असते, बुटांची पकड तपासण्यासाठी स्टड लावलेली तबकडी फिरवून तिला लागणारा जोर मोजला जातो. हे आकडे उपयोगी असतात, पण ते कुठे घ्यायचे हे त्या फेरीवरूनच ठरते.

लंडनच्या हिवाळ्यात या कामाला उजेडाची अडचण येते. डिसेंबरच्या अखेरीस तिथे दिवस आठ तासांहूनही लहान असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे १५ अंशच वर येतो. एवढ्या खालच्या सूर्यात ३० मीटर उंचीच्या भिंतीची सावली ११० मीटरपर्यंत पोचते, आणि फुटबॉलचे मैदान लांबीला १०५ मीटर असते. टॉटनहॅमच्या नव्या स्टेडियमची दक्षिण बाजू म्हणजे सुमारे १७,५०० प्रेक्षकांचा एकसंध, एकमजली उतार आहे आणि त्यावर छप्पर आहे. त्याची उंची या हिशेबातल्या भिंतीहून अधिकच भरते. प्रेक्षकांचा आवाज एकवटावा म्हणून बांधलेली ही भिंत नेमकी सूर्याच्या बाजूला उभी आहे. तेव्हा हिवाळ्यात मैदानावर दिवे लावून उजेड देणे हा इथे शौक राहत नाही, ती गरज बनते. जमिनीखालची तापवणी मुळांना ऊब देते, पण त्यात एक धोका असतो. उबेमुळे गवताचे श्वसन वाढते आणि उजेड मात्र नसतो, त्यामुळे ते साठवलेले अन्नच खर्च करू लागते. बाहेरून हिरवे दिसणारे गवत आतून अशक्त होते आणि पुढच्या सामन्यात सहज उपटते. उष्णता आणि उजेड यांचे प्रमाण जुळवणे हे हिवाळी देखभालीतले सर्वांत नाजूक काम आहे.

सरकणारे मैदान

जुलै २०१५ मध्ये टॉटनहॅमने एनएफएलशी दहा वर्षांचा करार केला, ज्यात दरवर्षी किमान दोन सामने नव्या स्टेडियममध्ये होणार होते. हा करार झाल्यावर क्लबपुढे तीन पर्याय होते. एकाच संकरित मैदानावर दोन्ही खेळ खेळवायचे, म्हणजे वेम्बलीचाच कित्ता गिरवायचा. संपूर्ण कृत्रिम मैदान घालायचे, जे प्रीमियर लीगच्या नियमांत बसत नाही. किंवा दोन खेळांना दोन वेगळे पृष्ठभाग द्यायचे. क्लबने तिसरा पर्याय निवडला आणि मला वाटते, या सबंध प्रकरणातला खरा निर्णय हाच होता. त्यानंतरची यंत्रे, मोटारी आणि पोलाद या निर्णयाच्या मागोमाग आले.

यंत्ररचना अशी आहे. फुटबॉलचे गवती मैदान लांबीच्या दिशेने तीन भागांत विभागलेल्या पोलादी तबकांवर बसवलेले आहे आणि प्रत्येक तबकाचे वजन ३,००० टनांहून अधिक आहे. दक्षिण बाजूच्या प्रेक्षागाराचा भार ज्या महाकाय खांबांवर आहे, त्यांच्यामधून मैदान न्यायचे असल्यामुळे ते अखंड सरकवणे शक्य नव्हते; म्हणून आधी तीन भाग एकमेकांपासून वेगळे होतात आणि मग प्रत्येक भाग खांबांच्या मधून दक्षिणेकडे, प्रेक्षागार आणि बाहेरच्या चौकाच्या खाली जातो. त्याखाली सुमारे दीड मीटर खोलीवर एनएफएलसाठी कायमचा कृत्रिम पृष्ठभाग आहे. सरकण्याला साधारण २५ मिनिटे लागतात. शेफिल्डच्या एससीएक्स या कंपनीने ही यंत्रणा बांधली.

मैदान बाहेर काढण्याची कल्पना नवी नव्हती. नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या स्टेडियममध्ये १९९८ पासून, जर्मनीत शाल्केच्या स्टेडियममध्ये २००१ पासून आणि अमेरिकेत ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये २००६ पासून अखंड मैदान इमारतीबाहेर नेले जाते. या तिन्ही ठिकाणी ते बाहेर उन्हात उभे राहते, म्हणजे मैदान सरकवल्याने गवताचा थेट फायदा होतो. उत्तर लंडनच्या दाट वस्तीत मैदानाएवढी मोकळी जागा कुठून आणणार? म्हणून टॉटनहॅमचे गवत उन्हात न जाता काँक्रीटच्या छताखाली जाते, आणि तिथे त्याला एलईडी दिवे, पाणी आणि हवा पुरवावी लागते. या फरकाकडे कौतुकाच्या भरात दुर्लक्ष होते असे मला वाटते. सरकवल्यामुळे गवताला विश्रांती मिळते, पण ती विश्रांती अंधारातली असते. दिवे कितीही चांगले असले तरी त्या दिवसांची भरपाई पुढे उघड्यावर करावी लागते.

तबकातल्या गवताच्या इतरही मर्यादा आहेत. जमिनीतल्या मैदानाखाली वाळू, खडी आणि त्याखाली खरी माती असते. पाणी खाली जायला वाव असतो. तबकातले मैदान कुंडीतल्या झाडासारखे असते. जेवढी खोली दिली तेवढीच, आणि पाणी जास्त झाले किंवा कमी पडले तर त्याचा परिणाम लगेच दिसतो. तीन भाग एकमेकांना भिडतात त्या सांध्यांवर गवताच्या कडा प्रत्येक वेळी घासल्या जातात. त्या कडा दाट राखणे, दोन्ही बाजूंची उंची मिलिमीटरपर्यंत जुळलेली ठेवणे आणि सांध्यावरून चेंडू धावताना तो उडणार नाही याची खात्री करणे ही कामे फारच थोड्या क्लबांच्या मैदान कर्मचाऱ्यांना करावी लागतात.

२०२१ ची शरद

नवे स्टेडियम ३ एप्रिल २०१९ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या सामन्याने खुले झाले आणि त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला तिथे पहिला एनएफएल सामना झाला. पण या रचनेची कसोटी पाहायची असेल तर २०२१ च्या शरदेचे वेळापत्रक समोर ठेवावे, कारण ते २०१८ च्या वेम्बलीच्या वेळापत्रकाशी बरेचसे जुळते. २५ सप्टेंबरला अँथनी जोशुआ आणि ओलेक्झांडर उसिक यांची लढत झाली. ३० सप्टेंबरला स्लोव्हेनियाच्या मुरा संघाविरुद्ध युरोपीय सामना आणि ३ ऑक्टोबरला ॲस्टन व्हिलाविरुद्धचा लीग सामना झाला. १० आणि १७ ऑक्टोबरला एनएफएलचे दोन सामने झाले. ३० ऑक्टोबरला मँचेस्टर युनायटेड आले. तीन वर्षांपूर्वी वेम्बलीवर याच प्रकारच्या कार्यक्रमांनी गवताचा मधला पट्टा नाहीसा झाला होता. इथे दोन्ही अमेरिकन सामने गवताला न शिवता खालच्या पृष्ठभागावर पार पडले. युनायटेडविरुद्ध टॉटनहॅम ०-३ ने हरले, पण त्या पराभवाची कारणे शोधताना मैदानाचे नाव कोणाला घ्यावे लागले नाही.

या तुलनेतून मी एवढाच निष्कर्ष काढतो की मुष्टियुद्ध किंवा अमेरिकन फुटबॉल हे गवताचे शत्रू नाहीत. दोन वापरांमध्ये किती दिवस मिळतात आणि त्या दिवसांत गवत उजेडात असते की नाही, या दोन प्रश्नांवर सारे ठरते. ज्या क्लबकडे हजारो टन पोलाद सरकवण्याइतका पैसा नाही, त्यांच्या हातात पहिल्या प्रश्नाचे उत्तर तरी असतेच. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमने २०२२ मध्ये ६ फेब्रुवारीला महिलांच्या आशिया चषक फुटबॉलचा अंतिम सामना पाहिला, मार्चअखेरीस तिथे आयपीएलचे क्रिकेट सुरू झाले आणि ३० ऑक्टोबरला १७ वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. तिथे सरकते तबक नाही, पण ऊन आहे. उष्ण हवामानातले पसरणारे गवत उन्हात जखमा स्वतः भरून काढते, म्हणून दोन स्पर्धांमधले सहा-सात आठवडे तिथे लंडनपेक्षा अधिक मोलाचे ठरतात. आपल्याकडे अडचण येते ती पावसाळ्यात, जेव्हा ढगांमुळे ऊन नसते, माती पाण्याने भरलेली असते आणि तरीही स्थानिक स्पर्धांचे सामने त्याच मैदानावर उरकायचे असतात. असे सामने पुढे ढकलण्याचा अधिकार मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाला असला पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन.

टॉटनहॅमपुढचा पुढचा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. मेच्या अखेरीस हंगाम संपल्यावर संकरित मैदानांचे मोठे काम निघते. यंत्राने गवताचा वरचा थर कृत्रिम तंतू न तोडता खरवडून काढला जातो, त्याबरोबर हंगामभर साठलेला कचरा आणि मैदानात शिरलेले हलक्या प्रतीचे तणगवत निघून जाते, दबलेली माती सैल केली जाते, वाळू पसरली जाते आणि नवे बी पेरले जाते. ऑगस्टमध्ये पहिला सामना खेळायचा तर बियाण्याला जून आणि जुलैचे लांब दिवस पुरेपूर मिळायला हवेत. पण मोठ्या गायकांचे कार्यक्रमही नेमके याच आठवड्यांत होतात. २०२३ मध्ये बियॉन्सेने या स्टेडियममध्ये पाच रात्री कार्यक्रम केले आणि २०२५ च्या जूनमध्ये सहा. स्टेडियम ज्या भागात आहे तिथल्या स्थानिक हॅरिंगे परिषदेने फुटबॉलव्यतिरिक्तच्या मोठ्या कार्यक्रमांची वार्षिक मर्यादा १६ वरून ३० पर्यंत वाढवली आहे. क्लबच्या उत्पन्नाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. सरकत्या मैदानाचा खर्च भरून निघायचा तर स्टेडियम वर्षभर वापरात राहायलाच हवे. परंतु कार्यक्रमांची संख्या वाढते तसे छताखाली काढायचे दिवसही वाढू शकतात, आणि ते वर्षातल्या सर्वांत उजेडाच्या महिन्यांतून कापले जातात. खालच्या कृत्रिम पृष्ठभागाला याचे काही वाटत नाही. गवताला वाटते. म्हणून नव्या कार्यक्रमांच्या तारखा ठरवताना मैदान प्रमुखाने त्याच बैठकीत बसून, गवताला सलग किती दिवस उघड्यावर ठेवता येईल याचा आकडा मांडला पाहिजे आणि तो आकडा करारात लिहिला गेला पाहिजे.